बाटली क्रमांक ४ : पहिल्या घरगुती बीअरचं एक प्रकरण

एका मित्राने पहिल्यांदाच घरी बीअर केली. बॅच २० लिटरची, प्रकार साधा पेल एल, साहित्य मॉल्ट एक्स्ट्रॅक्टचं, म्हणजे मोड आणलेल्या धान्यातून आधीच काढून ठेवलेल्या साखरेचं. बाटल्या भरून तीन आठवडे झाल्यावर पहिली उघडली ती क्रमांक ४ ची. झाकण सैल होताच फेस उसळला आणि थांबेचना. पेल्यात आली ती निम्मीच, तीही तळाचा गाळ ढवळून गढूळ झालेली. मग क्रमांक ३१ उघडली. तिलाही फेस जास्तच होता, पण निदान पिता आली. दोन दिवसांनी कपाटात क्रमांक २ फुटली. चवीबद्दल त्याचंच मत असं : "आधी कच्चं सफरचंद, मग नेलपॉलिश काढायचं द्रावण, आणि शेवटी घशाला चटका."

नवशिक्याच्या बीअरमध्ये यातली एखादी गोष्ट बिघडणं नेहमीचंच. इथे सगळ्या एकदम बिघडल्या आणि प्रत्येक चुकीने पुढचीला वाट करून दिली. त्यात हा गृहस्थ पेशाने हिशेबनीस, त्यामुळे वही चोख आणि बाटल्यांवर भरल्याच्या क्रमाने आकडे. कुठे काय झालं याचा माग एरवी अंदाजाने काढावा लागतो, इथे तो वाचता आला.

वहीतली नोंद

तयारी चांगली होती. स्वतःपुरती बीअर घरी करायला कायद्याची आडकाठी नाही, हे त्याने आधी पाहून घेतलं होतं. हे पाहायलाच हवं, कारण नियम देशागणिक वेगळे असतात. ब्रिटनमध्ये घरगुती बीअरला लागणारा परवाना १९६३ मध्ये गेला. अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवर ही मोकळीक १९७८ मध्ये सही झालेल्या कायद्याने आली.

कृतीचं पान तर नमुनेदार होतं. कोरडा मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट २.६ किलो. १० लिटर पाण्यात निम्मी पावडर सुरुवातीला आणि निम्मी उकळणं संपता संपता, कारण दाट वर्टमध्ये, म्हणजे आंबण्याआधीच्या गोड द्रवात, हॉप्सच्या फुलांचा कडूपणा कमी उतरतो. १० टक्के अल्फा आम्लाचे (कडूपणा त्यातून येतो) २५ ग्रॅम हॉप्स ६० मिनिटं, वासासाठी आणखी काही शेवटची ५ मिनिटं. कडूपणाचा हिशेब ३० आयबीयूच्या आसपास जातो, पेल एलला शोभेलसा. नंतर उकळून गार केलेलं पाणी घालून २० लिटर पूर्ण करायचे. कोरड्या एल यीस्टचं ११.५ ग्रॅमचं पाकीट, एवढ्या बॅचला पुरेसं. या कृतीत नाव ठेवायला जागा नाही.

उकळण्याच्या तासाभरात मिनिटामिनिटाच्या नोंदी आहेत. फेस कधी चढला, आच कधी कमी केली, हॉप्स कधी पडले, सगळं. आच बंद झाल्यावर मात्र वहीचा सूरच बदलतो :

"पाणी घातलं. ३२ अंश. नमुना नळातून, थंड करून मोजला, १.०६२!! यीस्ट टाकलं. कोपऱ्यात ठेवलं."

१.०६२ ही ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता. यीस्ट साखर खात जातं तशी ती उतरते. बीअर तयार होते ती वहीतल्या या ओळीनंतर, आणि त्या सगळ्या काळाबद्दल वहीत एवढंच (एअरलॉक म्हणजे झाकणावरची पाणी भरलेली छोटी नळी, जिच्यातून वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो) :

"सोम. जोरात बुडबुडे, फेस एअरलॉकमध्ये. मंगळ रात्री : बादली हाताला गरम लागते. न्हाणीघरात फरशीवर, ओलं फडकं. बुध. बुडबुडे बंद. गुरु. एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं गेलंय? शनि. १.०१६. झालं! बाटल्या ३६."

पहिला संशय

जाणत्यांना विचारलं तर बाटली उसळली की पहिलं उत्तर ठरलेलं : इन्फेक्शन झालं असणार. त्यानेही तेच धरलं होतं आणि पुढच्या वेळी दुप्पट जंतुनाशक वापरायचं ठरवून मोकळा झाला होता. संशय रास्त आहे. जंगली यीस्ट किंवा जीवाणू शिरले तर साध्या यीस्टला न पचणाऱ्या शर्कराही ते खातात आणि बाटलीत वायू साठत जातो. पण तसं झालं तर खुणा उरतात. बहुधा चव आंबट किंवा विचित्र होते, बाटलीच्या गळ्याशी कडं दिसतं किंवा वर साय धरते. शिवाय ग्रॅव्हिटी अपेक्षेपेक्षा बरीच खाली जाते.

ग्रॅव्हिटी तपासणं सोपं होतं. क्रमांक ४ ची उरलेली बीअर आणि क्रमांक ३१ ची बीअर दोन पेल्यांत वरखाली ओतून वायू काढला. ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या तरंगत्या हायड्रोमीटरला बुडबुडे चिकटले तर तो वर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो, म्हणून हे कंटाळवाणं काम पुरतं करावं लागतं. दोन्हींत १.०११ आलं. या यीस्टने नेमून दिलेलं काम संपवून जिथे थांबायला हवं तिथेच ते थांबलं होतं. आंबटपणा नाही, कडं नाही, साय नाही.

खरं तर स्वच्छतेत हा माणूस अव्वल होता. आधी घासून धुणं आणि मग जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवणं, ही दोन वेगळी कामं आहेत हे त्याला ठाऊक होतं, आणि बरेच जण इथेच चुकतात. यीस्टची चिंता तर आज फार कमी झाली आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सनने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. पाकिटातलं यीस्ट आज निवडलेल्या जातीचं आणि भरवशाचं मिळतं, ते त्या कामाच्या जोरावर. एवढं यीस्ट एकदम पडलं की इतरांना पाय रोवायला फारशी जागा उरत नाही.

१.०६२ हा आकडा

त्याला सर्वांत जास्त आनंद या आकड्याचा झाला होता. शेजारी अल्कोहोलचं "६ टक्के!" असं लिहून खाली रेघ मारलेली. पण एक किलो कोरडा एक्स्ट्रॅक्ट एक लिटर वर्टच्या हिशेबात सुमारे ३७० पॉइंट देतो. २.६ किलो २० लिटरमध्ये वाटले तर लिटरमागे ४८ पॉइंट, म्हणजे ग्रॅव्हिटी १.०४८. धान्य भिजवून केलेल्या बीअरमध्ये साखर किती उतरेल याची खात्री नसते, तिथे हायड्रोमीटर हाच पुरावा. एक्स्ट्रॅक्टमध्ये तसं नाही. बादलीत जेवढी साखर टाकली त्याहून जास्त निघणार कुठून?

निघाली ती नळातून. दाट, जड वर्ट खाली आणि अलगद ओतलेलं पाणी वर असे थर झाले होते, आणि नळ बादलीच्या तळाशी. पाणी अलगद का ओतलं, तर शिंतोडे उडू नयेत म्हणून. उलट याच क्षणी ते धबाधबा ओतून पळीने चांगलं घुसळायला हवं होतं. मिश्रण एकजीव झालं असतं आणि यीस्टला वाढीसाठी लागणारी हवाही मिळाली असती. फर्मेंटेशन सुरू झाल्यावर बीअरला हवा लागू द्यायची नाही, हा नियम त्याने वाचला होता. तो आधी लागू होत नाही, हे वाचायचं राहिलं.

संख्याशास्त्रात 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध असलेला विल्यम गॉसेट हा गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. थोड्याशा नमुन्यांवरून अख्ख्या ढिगाबद्दल किती खात्रीने बोलावं, यावरचा त्याचा १९०८ चा निबंध आजही शिकवला जातो. असला प्रश्न ब्रुअरीतल्या माणसाला पडला, यात मला तरी नवल वाटत नाही.

चुकीचा आकडा नुसता वहीत पडून राहिला असता तर बिघडलं नसतं. पण शनिवारी १.०१६ आल्यावर त्याने भागाकार केला : ६२ पैकी ४६ पॉइंट गेले, म्हणजे ७४ टक्के. या जातीच्या यीस्टकडून अपेक्षा ७५ च्या आसपास. हिशेब जुळला, "झालं!" खऱ्या ४८ वरून पाहिलं तर ३२ च गेले होते, म्हणजे ६७ टक्के. बीअर १.०१२ पर्यंत उतरायची होती. चार पॉइंट शिल्लक होते आणि तशीच ती बाटलीत गेली.

बुडबुडे का थांबले

आता बुधवारकडे. यीस्ट ३२ अंशाला टाकलं, पाकिटावर १८ ते २२ लिहिलेलं असताना. "पाकिटावर लिहितातच तसं," हे त्याचं त्यावरचं म्हणणं. खोलीचं तापमान २६. त्यात फर्मेंटेशनची स्वतःची उष्णता असते. जोमात असलेली बादली खोलीपेक्षा तीन ते पाच अंश वर सहज जाते. म्हणजे पहिले दोन दिवस आतलं तापमान ३० च्या खाली उतरलेलं नसणार. चवीचं बरंवाईट ठरतं ते याच दिवसांत, यीस्ट वाढीला लागलेलं असताना. गरमीत ते घाईने वाढतं आणि जड अल्कोहोल व एस्टर गरजेपेक्षा जास्त तयार करतं. नेलपॉलिशचा वास आणि घशाचा चटका तिथला.

मंगळवारी रात्री त्याला शंका आली हे चांगलंच. पण उपाय उलटा बसला. ओलं फडकं आणि गार फरशी यांनी बादली रात्रीत झपाट्याने थंड झाली. तापमान एकदम पडलं की बरंचसं एल यीस्ट काम टाकून तळाशी बसतं. त्याच वेळी बादलीतला वायू आकसतो आणि थंड बीअरमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो. म्हणून एअरलॉक गप्प झाला आणि वर पाणी आत ओढू लागला. गुरुवारच्या नोंदीतल्या प्रश्नचिन्हात सगळं उत्तर होतं. फर्मेंटेशन संपलं म्हणून कुणी पाणी आत ओढत नाही.

एअरलॉकवर माझा राग जुना आहे. झाकण नीट न बसलेल्या बादलीत तो फर्मेंटेशन जोरात चालू असतानाही ढिम्म असतो, आणि खोली तापली की संपलेल्या बीअरवरही बुडबुडे काढतो. बाहेरची हवा आत येऊ नये एवढंच त्याचं काम. बीअर झाली की नाही हे त्याला विचारू नये.

अर्धवट झोपलेलं यीस्ट आणि चार पॉइंट शर्करा बाटलीत बंद झाली, आणि बाटल्या कुठे ठेवल्या? २६ अंशांच्या कपाटात, तीन आठवडे. यीस्ट जागं झालं आणि राहिलेलं काम त्याने तिथे पुरं केलं.

क्रमांकांची साक्ष

बाटलीत फेस यावा म्हणून शेवटी थोडी साखर घालतात, तिला प्रायमिंग म्हणतात. १८ लिटरला ११० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे सहा ग्रॅमच्या आसपास, हे त्याचं प्रमाण बरोबर होतं. त्यातून सुमारे २.४ व्हॉल्यूम वायू मिळतो. एक लिटर बीअरमध्ये एक लिटर वायू विरघळला की तो एक व्हॉल्यूम. त्याने साखरेचा पाक केला, गार केला, त्याच बादलीत वरून ओतला, आणि तळाचा गाळ वर येईल म्हणून ढवळलाच नाही. पाक जड, तो खाली गेला. नळ खालीच. पहिल्या बाटल्यांना साखर जास्त मिळाली, शेवटच्यांना कमी.

त्यामुळे ४ उसळली आणि ३१ निभावली, हे समजतं. इथवर आल्यावर तो म्हणाला, "मग साखरच सगळी भानगड होती तर." पण एकूण साखर योग्य होती. दोष फक्त वाटपाचा असता तर पहिल्या बाटल्या उसळल्या आणि शेवटच्या सपक निघाल्या असत्या. ३१ सपक नव्हती, तिच्यातही वायू जास्तच होता. सगळ्याच बाटल्यांना कुठून तरी जादा मिळालं होतं, ते राहिलेल्या चार पॉइंटमधून. ढोबळ हिशेबात दोन पॉइंटमागे एक व्हॉल्यूम धरतात. २.४ मध्ये दोन मिळवले की ४.४. साध्या बीअरच्या बाटलीत तीनच्या वर जाऊ नये, असा हौशी ब्रुअर मंडळींचा दंडक आहे. २० अंशाला ४.४ म्हणजे २.४ च्या दुपटीहून जास्त दाब, आणि हे सरासरीचं झालं. क्रमांक २ ला तर पाकाचा वरचा वाटाही मिळालेला.

उरलेल्या ३३ बाटल्यांचं काय करायचं, हा प्रश्न घाईचा होता. फुटणारी काच डोळ्यात जाते, यात अतिशयोक्ती नाही. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातात जाड मोजे, बाटलीभोवती टॉवेल, आणि कपाटातून थेट फ्रीजमध्ये. थंड बीअर वायू धरून ठेवते, त्यामुळे दाब उतरतो. रात्रभर थंड झाल्यावर झाकणाची कड किंचित उचलून फुसकारा सोडायचा, पुन्हा झाकण लावायचं, दुसऱ्या दिवशी परत तेच. पहिल्या डझनाला हातच लावू नये असं मी म्हटलं. त्याने त्या थंड करून, वायू सोडून, सरळ ओतून दिल्या.

बाकीच्या ठेवल्या तर सुधारतील का? अर्ध्यामुर्ध्या. कच्च्या सफरचंदाचा वास असेटाल्डिहाइडचा. काम पुरं व्हायच्या आत बीअर काढली की तो राहतो, आणि बाटलीत यीस्ट असेल तर महिन्याभरात बराचसा ओसरतो. तसा तो ओसरलाही. द्रावणाचा वास आणि चटका तिथेच राहिले. त्यांच्यावर उपाय नाही.

दुसरी बॅच

त्याच्या डोक्यात दुसऱ्या बॅचसाठी मोठं पातेलं, धान्यापासून सुरुवात, नवे हॉप्स आणि वेगळं यीस्ट असा बेत होता. धान्य ६५ ते ६७ अंशाला तासभर भिजवून साखर काढण्यात मजा आहेच, आणि कधी ना कधी ते करावंच. पण आत्ता केलं असतं तर चव सुधारली किंवा बिघडली तरी कशामुळे ते कळलं नसतं. मी आग्रह धरला की कृती तीच ठेव, ग्रॅमभरही बदलू नकोस. पातेल्याचे पैसे ठेवून दे आणि बादलीवर चिकटवायची तापमानाची पट्टी घे. तो जरा नाखूष होता.

या वेळी वर्टचं पातेलं बर्फाच्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवलं, वरून घालायचं पाणीही फ्रीजमध्ये गार केलेलं होतं, ते जोरात ओतून घुसळलं. १९ अंशाला यीस्ट. ग्रॅव्हिटी १.०४७ आली, हिशेबाला एक पॉइंट कमी, म्हणजे मोजमाप खरं. बादली मोठ्या टबात, टबात बादलीच्या कमरेइतकं पाणी, त्यात बर्फ झालेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. भोवती पाणी असलं की तापमान हळू बदलतं, ओल्या फडक्यासारखा धक्का बसत नाही. खोली २६ वरच होती, पट्टी मात्र चार दिवस १९ ते २० च्या मध्ये राहिली. एकदा बर्फ बदलायचा राहिला तेव्हा संध्याकाळपर्यंत २३ दाखवत होती. ते पाहून त्याला पहिल्या बादलीत काय झालं असेल याचा अंदाज आला. चार दिवसांनी बर्फ थांबवून तापमान आपलं आपण २२ पर्यंत चढू दिलं, म्हणजे शेवटाकडे यीस्ट सुस्तावत नाही.

एअरलॉक सहाव्या दिवशी गप्प झाला. त्याने हात लावला नाही. दहाव्या दिवशी १.०१२, तेराव्या दिवशी पुन्हा १.०१२. मधे तीन दिवस आणि आकडा तोच, मगच बाटल्या. पाक आधी दुसऱ्या स्वच्छ बादलीत आणि त्यावर सायफनने बीअर, नळीचं टोक तळाशी ठेवून, म्हणजे ती गोल फिरत मिसळते आणि हवाही लागत नाही.

क्रमांक ४ आणि ३१ या वेळी मुद्दाम एकत्र उघडल्या. फेस सारखाच होता. चव स्वच्छ, हॉप्सचा वास वर आलेला. मॉल्ट थोडा सपाट वाटला, एक्स्ट्रॅक्टच्या बीअरमध्ये बऱ्याचदा वाटतो तसा. धान्याकडे वळायला आता त्याच्याकडे खरं कारण आहे.

त्याआधी एक प्रयोग करायचं ठरलं आहे. तेच वर्ट दोन बादल्यांत दहा-दहा लिटर. एकीत हेच यीस्ट, टबात, १९ अंशाला. दुसरीत नॉर्वेच्या शेतघरांतून आलेलं क्वाइक, जे ३० ते ४० अंशांत खुशाल काम करतं आणि एवढ्या गरमीतही द्रावणाचा वास सहसा येऊ देत नाही. ती बादली मुद्दाम जुन्याच कोपऱ्यात ठेवायची, ३२ ला यीस्ट टाकून. पट्टी दोन्हींवर लावायची आहे.